सांडव्यावरची जाळी आधी काढा

प्रति,
सिंधुदुर्गातल्या गावतलावांवर मासेमारीचा ठेका घेणाऱ्या सर्व मच्छीमार सहकारी संस्था, ज्यांच्या हद्दीत हे तलाव येतात त्या ग्रामपंचायती आणि दर पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची माशांची छोटी पिल्लं, पुरवणारे सर्वजण यांसी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी मालवण तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण कुठल्या एका गावाशी किंवा संस्थेशी नाही. आमच्या तलावापासून खाडी जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून व्हाळात, म्हणजे ओढ्यात, व्हाळातून मळ्यांच्या कडेकडेने खाली खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, आणि तिथून खाडीला जातं. लहानपणापासून या वाटेने मी चाललोय, गरी लावलीय, चढणीचे मासे पकडलेत. म्हणून हे पत्र.

गेल्या आषाढातली गोष्ट. तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागून दुसरा दिवस होता. रात्री नऊच्या सुमारास पाऊस जरा थांबला, तसे काका आणि मी बॅटरी घेऊन गेलो. आमच्या सांडव्याला जुने चिरे पायऱ्यांसारखे बसवलेले आहेत आणि त्यांच्यावरून पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं. त्या पायऱ्यांवरून मासे चढतात. बघितलं नसेल त्याला खरं वाटणार नाही, पण बोटभर मासा पाण्याच्या धारेला तोंड देऊन एक पायरी चढतो, चिऱ्याच्या खाचेत दम खातो आणि पुन्हा उडी घेतो. त्या रात्री वरच्या पायरीच्या वर लोखंडी चौकट होती आणि चौकटीला बारीक जाळी ताणलेली होती. बॅटरी मारली तर जाळीच्या खाली वीतभर पाण्यात मासे नुसते खचून भरलेले. मळये, खवळे, शेंगटी. उडी मारत होते, जाळीवर आपटत होते, खाली पडत होते. एक खवळा मी हातात घेतला. नाकाडाची कातडी सोलून निघाली होती, अंगावरचे तीन-चार खवले जाळीतच चिकटून राहिलेले, आणि पोट गाभोळीने तट्ट फुगलेलं. नुसत्या अंगठ्याच्या दाबाने अंडी बाहेर येत होती. खालच्या पायरीवर दोन पोरं बादल्या घेऊन बसली होती. त्यांना वाकायचीसुद्धा गरज नव्हती.

काका बराच वेळ बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "जाळी लावल्यानी ती बरी, पण खालचो मासो आता वर खंयसून येतलो?"

त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडून हवं आहे.

जाळी का लावतात ते मला ठाऊक आहे. संस्थेने पैसे मोजून कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडलेली असते. सांडवा वाहायला लागला की ती पाण्याबरोबर खाली जाते आणि व्हाळाच्या कोंडीत सापडून भलत्याच्या कालवणात पडते. सभासदांचं नुकसान होतं. ठेक्याची रक्कम भरायची, बीज विकत आणायचं, रात्री राखण करायची आणि मे महिन्यात जाळं ओढल्यावर हाताला काय लागतं त्यावर घराचं गणित. हे मी हलकं समजत नाही. माझे वडील अशाच एका संस्थेचे सभासद होते. वर्षाला एकदा घरी येणारा तो कटल्याचा वाटा आणि त्याचं ते भलं मोठं डोकं मला अजून आठवतं.

पण कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांना अंडी घालायला पावसाळ्यातली वाहती, मोठी, पूर आलेली नदी लागते. आपल्या साचलेल्या तलावात ते वाढतात, किलो-दोन किलोचे होतात, पण त्यांची वीण होत नाही. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाला संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली आणि तेव्हापासून देशभर बीज तयार करता येऊ लागलं. त्या दिवसाच्या आठवणीत १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. मोठंच काम ते, लाखो लोकांच्या ताटात मासा आला. पण त्याचा अर्थ असाही आहे की हा मासा आपल्या तलावात दरवर्षी विकतच आणून सोडावा लागणार. एक वर्ष बीज चुकलं की तलाव रिकामा.

आणि ज्यांना विकत आणावं लागत नव्हतं, जे दर पावसाळ्यात आपणहून खालून वर येत होते, त्यांच्याच तोंडावर आपण जाळी ठोकली.

समुद्रकाठच्या तलावाची गोष्ट घाटावरच्या धरणासारखी नसते. आमच्या तलावातला अहीर घ्या. सापासारखा लांब, हातातून निसटणारा, पावसाळी रात्री ओल्या गवतावरूनही सरपटत जाणारा. हा मासा जन्मतो समुद्रात. काडीएवढं पारदर्शक पिल्लू खाडीच्या तोंडातून आत शिरतं, व्हाळ चढतं, तलावात येतं, चिऱ्यांच्या भोकात वर्षानुवर्षं राहतं. मोठं झालं की एखाद्या पावसात परत समुद्राकडे निघतं, तिथे अंडी घालतं आणि मरतं. कुठल्याही हॅचरीत त्याचं बीज मिळत नाही. लांब निळ्या नांग्यांची गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, तिचीही तऱ्हा थोडीफार अशीच. ती तलावात, नदीत वाढते, आणि पिल्लं सोडायला तिला खाली निमखाऱ्या पाण्यात जावं लागतं, आणि ती पिल्लं थोडी मोठी झाली की काठाकाठाने पुन्हा वर चढतात. चोणकाची पिल्लंही खाडीतून गोड्या पाण्यात येतात. रायगडात पेण-अलिबागच्या खारेपाटात याच माशाला जिताडा म्हणतात. तिथले लोक पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्लं आणून गावतळ्यात वाढवत आलेत. बीज तिथेही सोडतात, पण ते त्याच पाण्याचं, त्याच खाडीचं.

या सगळ्यांना एकच वाट आहे, वर जायला आणि खाली यायला. तुमची जाळी नेमकी त्या वाटेवर आहे.

आता बियाण्याबद्दल. बोटुकलीच्या पिशव्या येतात तेव्हा त्यात कटला-रोहूच आहे याची खात्री कोण करतं? अंगठ्याएवढ्या पिल्लांच्या गर्दीत तिलापियाची दहा-वीस पिल्लं आली तरी डोळ्याला कळत नाहीत. आणि तिलापियाला दहा-वीस पुरतात. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला तेव्हा गरिबाचा मासा म्हणूनच आणला होता. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं तोंडात सांभाळते, वितीएवढी व्हायच्या आतच विणीला लागते आणि वर्षातून अनेकदा विते. नर तळाशी खड्डे करतो आणि दुसऱ्या माशाला तिथे फिरकू देत नाही. थोड्या वर्षांत तलावभर चिलापीच चिलापी, आणि तीही खुरटलेली. उजनीवर जाऊन कुणाही मच्छीमाराला विचारा. आपल्याकडे धोका आणखी मोठा, कारण मोझांबिकचा तिलापिया खाऱ्या पाण्यातही मजेत जगतो. तलावातून सांडव्याने उतरला की तो खाजणात पोचणार, खाडीत पोचणार, आणि मग त्याला कुठलीही जाळी परत आणू शकणार नाही.

आफ्रिकन मांगूर तर बंदी असलेला मासा. हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत पुढच्या पाण्यात जातो, समोर येईल ते खातो. तरीही 'लवकर वाढतो, मरत नाही' म्हणून कुणी ना कुणी तो आणतंच. रूपचंद बाजारात पापलेटासारखा दिसतो म्हणून खपतो, पण तो अमेझॉनच्या खोऱ्यातला. गवत्या मासा तलावातलं 'गवत' साफ करायला सोडतात. आमच्या तलावात ते 'गवत' म्हणजे कमळपक्ष्याचं घर आहे. तरंगत्या पानांवर चार चकचकीत तपकिरी अंडी, आणि ती उबवतो नर. पानं गेली की तो कुठे जाणार?

काहीजण प्रेमापोटी घरातल्या काचेच्या टाकीतले मासेही तलावात सोडतात. जीव वाचवल्याचं पुण्य लागतं असं त्यांना वाटतं. त्यांना हात जोडून सांगतो, सोडू नका. पुण्य लागायचं तर तलावात आधीपासून राहणाऱ्यांनाही जीव आहे.

मत्स्यशेतीच्या माहितीपत्रकांत तलाव तयार करायची पहिली पायरी लिहिलेली असते, आधीचे भक्षक आणि निरुपयोगी मासे काढून टाकायचे. मोहाची पेंड टाकली की पाण्यातला मासा गुदमरून वर येतो. शेतकऱ्याने स्वतःच्या शेततळ्यात काय करावं तो त्याचा प्रश्न. पण गावतलाव हे शेततळं नव्हे. 'निरुपयोगी' म्हणजे कोण? आमची मरळ, आमची शेंगटी, आमचे मळये. पावसाळ्यात आठवड्याला दोनदा ज्यांचं तिखलं आमच्या चुलीवर शिजत आलं, ते निरुपयोगी? पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा २०११ मध्ये मोठा आढावा निघाला तेव्हा २९० जाती मोजल्या गेल्या. त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.

तलावाच्या वरच्या अंगाला एक मोठा कातळ आहे. त्यावर ऊद येऊन बसतात. पाणमांजर म्हणतात ते. तीन-चार जणांचं कुटुंब आहे, खाडीतून व्हाळाने येतं आणि जातं. पहाटे त्या कातळावर गेलं की त्यांची विष्ठा सापडते, उग्र वासाची. काडीने उकलून बघितली की काय खाल्लं ते लख्ख कळतं. कुर्ल्यांच्या नांग्यांचे तुकडे, शेंगटीचे काटे, बारीक खवले. गेली दोन वर्षं मी ती अधूनमधून बघतोय आणि शेंगटीचे काटे कमी होत चाललेत. मला यातलं शास्त्र कळत नाही, जे दिसलं ते सांगतो. उदाला संस्थेचे लोक चोर म्हणतात. खातो तो कटला, नाही म्हणत नाही. पण बारीक मासा भरपूर असता तर तो तुमच्या कटल्याच्या मागे किती लागला असता, याचा विचार व्हायला हवा.

पाणकावळे उडवायला फटाके लावतात, तेही मी बघितलंय. फटाक्याने पाणकावळा समोरच्या झाडावर जाऊन बसतो आणि धूर विरला की परत येतो. जाते ती अडई, जातो तो काठावरचा बगळ्यांचा वावर, जाते पाणकोंबडी. आणि तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या धाग्याची, फाटकी जाळी! ती काढून काठावर आणायला कुणालाच वेळ नसतो. मार्चमध्ये पाणी उतरलं तेव्हा एका झुडपाच्या मुळाशी अडकलेल्या जाळीत मला टिबुकली सापडली, बुड्या मारणारं ते छोटं पाणपाखरू. जिवंत होती. मानेभोवती तीन फेरे आणि एका पायाला गाठ. ब्लेडने एकेक धागा कापत होतो तेव्हा तिच्या काळजाची धडधड माझ्या तळहाताला लागत होती, घड्याळाच्या काट्याहून कितीतरी भरभर. सोडल्यावर ती बुडी मारून गेली. त्याच जाळीत आणखी एक कासव होतं, ते वाचलं नाही.

'मग आम्ही देशी मासाच सोडतो' असं काही संस्था म्हणतील. चांगलंच आहे, पण एक हकीकत सांगतो, ती आपल्याच राज्यातून सुरू होते. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीर माशाचं बीज तयार करतात. आपल्या नद्यांतून नाहीसा होत चाललेला मासा वाचवावा, या चांगल्या हेतूने ते सुरू झालं. तिथलं बीज पुढे दूरवर गेलं, कर्नाटकात कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीत तिचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड. १९४६ मध्ये त्या खोऱ्यात गळाला लागलेला एक मासा ५४ किलोचा होता. बाहेरून आलेला निळसर परांचा महासीर तिथे वाढत गेला आणि घरचा कमी होत गेला. गळ टाकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या वह्यांमधून हे उघड झालं. २०१८ मध्ये त्या घरच्या माशाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. दोन्ही मासे भारतातलेच, दोन्ही महासीरच. नदी तेवढी वेगळी होती.

म्हणून 'देशी' एवढं पुरत नाही. कुठल्या व्हाळातला, कुठल्या खाडीचा, ते विचारायला हवं.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीचं ठाणं. तिथल्या डोहात महासीर माणसाच्या हातासमोर येऊन लाह्या खातात. देवीचे मासे म्हणून त्यांना कुणी धरत नाही आणि तिथे बीज सोडायची वेळ कधी आली नाही. आपल्या धामापूरचा तलावही भगवतीच्या पायाशी आहे. १५३० सालचा, म्हणजे पाचशे वर्षांच्या घरातला. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला, तेव्हा आख्ख्या जिल्ह्याने मिठाई वाटली. बांधणाऱ्यांनी पाणी अडवलं, पण तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जाऊ दिलं. पाणी जाऊ दिलं म्हणून मासा येऊ शकला. आपल्या बहुतेक जुन्या तलावांची घडण हीच आहे, आणि त्यावर लोखंडी चौकट ठोकणारी आपली पहिलीच पिढी.

माझं मागणं फार मोठं नाही. सांडवा वाहायला लागल्यापासून पहिला पंधरवडा तरी जाळी काढून ठेवा. बीज त्यानंतर, पाण्याचा जोर ओसरल्यावर सोडा, म्हणजे तुमचंही वाहून जाणार नाही. जाळी ठेवायचीच असेल तर कडेच्या एका पायरीवर हातभर वाट मोकळी ठेवा. बारीक मासा कडेनेच चढतो, मधल्या धारेतून नाही. तेवढे दिवस सांडव्याखाली कुणी बादली घेऊन बसणार नाही, हे ग्रामपंचायतीने ठरवावं. यात मीही आलो, माझ्या घरातलेही आले. आम्हीही पिढ्यानपिढ्या गाभोळीचे मासे धरलेत आणि ते चुकलं. समुद्राला आपण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस देतो. ट्रॉलरवाला देतो. व्हाळाला पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे?

कटला-रोहू वाढवायला आपल्या जिल्ह्यात जागेची वाण नाही. चिऱ्यांच्या बंद पडलेल्या खाणी गावोगावी पाण्याने भरून पडल्यात. त्यांना ना व्हाळ, ना खाडी, ना सांडवा. तिथे पोरं बुडून मरतात म्हणून आपण ओरडतो, तर त्यांना कुंपण घालून संस्थांना द्या, तिथे हवं तेवढं बीज सोडा. पाणी आटेल की नाही, कातळ किती झिरपतो, हे खाणीखाणीला बघावं लागेल, पण दोन-तीन ठिकाणी करून तर बघू. तिलापिया आणि मांगूर मात्र तिथेही नको. पावसात कुठलं पाणी कुठे मिळेल याचा कोकणात नेम नसतो.

आणि बीज सोडण्याआधी तलावात आज कोण कोण आहे ते लिहून काढा. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिने लोकांना विचारून नोंदवही करायची असते. अनेक ठिकाणी ती कपाटात आहे आणि त्यात माशांचं पान एक तर कोरं आहे किंवा कुठल्या तरी दुसऱ्या गावाच्या वहीवरून उतरवलेलं आहे. आमचे काका पंच्याहत्तरीचे आहेत. व्हाळात मिळणाऱ्या माशांची एकवीस नावं त्यांनी मला एका बसणीत सांगितली. त्यातले नऊ मी कधी बघितलेले नाहीत. ते असताना हे लिहून घ्या.

ज्येष्ठ संपेल, तलाव भरेल. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की पहिल्या दोन रात्री मी आणि काका तिथे असू, नऊ ते बारा. तुमच्यातलं कुणीही या. संस्थेचे चेअरमन या, सरपंच या, बीज देणारे या. येताना फक्त चांगली बॅटरी आणि पाना घेऊन या, चौकटीचे चार नटबोल्ट गंजलेले आहेत, एकट्याने सुटत नाहीत.

आपला,
व्हाळावर गरी लावणारा मालवण तालुक्यातला एक रहिवासी